कागदावर न उतरलेली लय

फेब्रुवारी सरत आला की आमच्या महाविद्यालयाच्या कुंपणापलीकडच्या मोहाच्या झाडाखाली कोणीतरी पालापाचोळा पेटवते. फुले गळू लागण्याआधी झाडाखालची जमीन साफ व्हावी, पहाटे वेचताना एकही फूल पानांत हरवू नये, एवढाच त्या आगीचा हेतू असतो. तिचा धूर मात्र खिडकीतून सरळ भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत येतो आणि जुन्या लाकडाच्या, तापलेल्या तारांच्या, घाबरलेल्या मुलामुलींच्या घामाच्या वासात मिसळून जातो. आरमोरीत प्रात्यक्षिक परीक्षांचा मोसम मी या धुरावरूनच ओळखत आलो आहे. वेळापत्रक नंतर लागते. धूर आधी येतो.

यंदाही तो आला, तसे मी कपाट उघडून पट्टी बाहेर काढली. आमच्या प्रयोगशाळेतले हे सर्वांत साधे आणि माझे सर्वांत लाडके उपकरण. पोलादाची वीतभर पातळ पट्टी, वरचे टोक चौकटीत आवळलेले, खालचे मोकळे. मोकळ्या टोकाखाली दोन चुंबके. आणि सारी चौकट आडवी हलवणारी एक लहानशी मोटर. मोटर सुरू केली की पट्टी हलू लागते, एवढे कोणीही सांगेल. कशी हलेल, ते मात्र आधी सांगता येत नाही. मोटरचा वेग तोच, चुंबके तीच, पट्टी तीच. तरी कधी ती जागच्या जागी बारीक थरथरत राहते, पुटपुटणाऱ्या ओठांसारखी, आणि कधी या चुंबकाकडून त्या चुंबकाकडे ऐसपैस झोके घेते. दोन्ही लयी पक्क्या. बारीक लयीत असताना बोटाने हलके छेडले, तर ती क्षणभर बावरते आणि पुन्हा आपल्या थरथरीत परतते. पण नेमक्या क्षणी, नेमक्या जोराची टिचकी बसली, की ती दुसऱ्या लयीत उडी घेते. आणि मग तिथेच राहते, जणू पहिली लय तिला कधी ठाऊकच नव्हती.

हे पाहून दरवर्षी कोणीतरी विचारतेच, "सर, मशीन बिघडली का जी?" मी म्हणतो, बिघडली नाही, तिला दोन चाली येतात, कोणती धरेल ते तिची सुरुवात कुठून झाली यावर अवलंबून. मग फळ्याकडे वळून मी एक वाक्य लिहून देतो. एखादी प्रणाली आपल्याला एका लयीत दिसते, एवढ्यावरून तिच्यात दुसरी लय नाही, असा निष्कर्ष काढता येत नाही. मुले ते वाक्य उतरवून घेतात. मीही ते इतकी वर्षे नुसते उतरवूनच घेतले होते, हे मला फार उशिरा कळले.

माझ्या पत्नीच्या, रंजनाच्या हृदयालाही दोन लयी होत्या. ती मला ते सांगत होती आणि मी तिच्यावर विश्वास ठेवत नव्हतो. आमच्या घरात ही काही दडलेली गोष्ट नाही. तिला ठाऊक आहे, शेजारी राहणाऱ्या माझ्या थोरल्या वहिनींना ठाऊक आहे, आणि सर्वांत शेवटी ती मलाही कळली. तरी पट्टीवरची धूळ पुसताना यंदा हात थांबला, आणि काही वर्षांपूर्वीचा तो एक मोसम पुन्हा धुरासारखा खिडकीतून आत आला.

आमच्याकडे धान कापण्याआधीच बांधीतल्या, म्हणजे धानाच्या खाचरातल्या, ओलीवर लाखोळी या कडधान्याचे बी फेकून देतात. धान निघून जाते, थंडी येते, आणि त्याच बांधीत निळ्या फुलांची एक बुटकी, नम्र हिरवळ उभी राहते. होळीच्या आसपास शेंगा वाळल्या की ती उपटायची. उपटणीचे काम सगळे कंबरेतून. वाका, मूठभर झाड धरा, ओढा, उभे राहा, पेंढी टाका, पुन्हा वाका. भाऊ गेल्यापासून आमची थोडकी शेती रंजना आणि मंदावहिनी दोघीच पाहतात. मी पगारदार माणूस. माझा शेताशी संबंध तांदूळ शिजल्यावर येतो, असे वहिनी म्हणतात, आणि ते खरे आहे.

त्या वर्षी नागपूरकडून आलेले बहिःस्थ परीक्षक माझ्या पट्टीसमोर उभे होते. मी त्यांना टिचकीचा प्रयोग दाखवत होतो. पट्टी बारीक लयीत थरथरत होती, मी टिचकी मारायचो, ती बावरायची आणि पुन्हा थरथरीत परतायची. क्षण साधत नव्हता. खिशातला फोन वाजत होता आणि मी तो वाजू देत होतो. शेवटी उचलला तेव्हा पलीकडे वहिनी होत्या. रंजना उपटताना वाकली होती, उठली, आणि उठताक्षणी तिची छाती धावू लागली, असे त्या सांगत होत्या. "बांधावर बसवलं तिले. घामानं ओलीचिंब झाली पोरगी. या भाऊजी लवकर."

मी "येतो" म्हणालो. आणि गेलो नाही. म्हणजे गेलो, पण लगेच नाही. आधी मी आणखी एक टिचकी मारली. ती साधली. पट्टीने उडी घेतली, ऐसपैस झोके सुरू झाले, आणि परीक्षक "वा" म्हणाले. मी निघालो तेव्हा ती "वा" माझ्या कानात होती. रस्त्यात मला पत्नीची काळजी वाटत होती, असे लिहायला मला आवडले असते. वाटत होती; पण त्या "वा"च्या खाली वाटत होती.

मी पोहोचलो तेव्हा ती बांधावर पाय सोडून बसली होती. चेहरा, मान, पदर, सगळे पाण्याने भिजलेले. वहिनींनी प्यायच्या पाण्याची सगळी कॅन तिच्या तोंडावर ओतली होती. मला पाहताच तिने पदर सावरला आणि म्हणाली, "थांबलं जी. आता थांबलं." एखाद्या पाहुण्याला उगीच बोलावल्याबद्दल माफी मागावी, तशा आवाजात. मी तिला दवाखान्यात नेले. छातीवर तारा लावल्या गेल्या, यंत्रातून कागदाची पट्टी सरकत आली, आणि तिच्यावर एकसारखे, शहाणे, शिस्तीचे ठोके होते. तिथले डॉक्टर कागद माझ्यापुढे धरून म्हणाले, काही नाही, सगळे व्यवस्थित आहे. पित्त असेल, झोप कमी झाली असेल. मी मान डोलावली. डॉक्टरांसमोर माझी भाषा आपोआप चोख होते. त्या चोख भाषेत मी म्हणालो, "जरा घाबरट स्वभाव आहे तिचा."

पडद्यामागे ती ब्लाउजची बटणे लावत होती. पडदा कापडाचा होता.

परत येताना मी तिला समजावत राहिलो. कागद खोटे बोलत नाही, वगैरे. तिने एकदाच मला सांगायचा प्रयत्न केला. म्हणाली, कोणी आत बसून धान कांडून राह्यलं असं वाटते, अन् ते हळूहळू येत नाई जी, बटन दाबल्यावानी येते, अन् जाते बी तसंच. मी म्हणालो, मनाचे खेळ असतात. आज त्या वाक्याकडे पाहतो तेव्हा माझे मलाच तोंड लपवावेसे वाटते. भीती हळूहळू चढते आणि हळूहळू उतरते. बटण दाबल्यासारखी ती कधी येत नाही. बटण दाबल्यासारखे फक्त तेच येते, जे एका पक्क्या लयीतून दुसऱ्या पक्क्या लयीत उडी घेते. हे तालुक्यात ज्याला सर्वांत आधी कळायला हवे होते, तो माणूस तिच्या शेजारी बसून रिक्षावाल्याला वळण दाखवत होता. आणि कागदाविषयी मी बरोबर होतो. कागद खोटे बोलला नव्हता. तो फक्त, ती ज्या लयीत नव्हती त्या लयीविषयी बोलला नव्हता.

पुढे ते पुन्हा पुन्हा झाले. पावसाळ्यात रोवणीच्या चिखलात झाले, दिवाळीच्या आधी माळ्यावरची भांडी काढताना झाले. दर वेळी दवाखाना गाठेपर्यंत ते थांबलेले असे, आणि दर वेळी कागद शहाणा निघे. मी तिच्या वतीने डॉक्टरांची माफी मागायला शिकलो. तुमचा वेळ घेतला, म्हणायचो. ती गप्प बसायची. वहिनी मात्र गप्प बसत नसत. एकदा अंगणात चहा घेताना त्यांनी मला सरळच विचारले, "भाऊजी, तुमी पोरायले पेपर पाहून मार्क देता. बायकोलेबी पेपर पाहूनच देता का?" रंजना हसली. मीही हसलो. वहिनी हसल्या नाहीत.

मग एका वर्षी ते थांबले. निदान मला तसे वाटले. फोन येईनासे झाले, बांधावरून निरोप येईनासे झाले. मी मनाशी म्हणालो, बघा, लक्ष दिले नाही तर आपोआप जाते. तेव्हाच्या माझ्या समाधानाची मला आता सर्वांत जास्त लाज वाटते. माणूस काळजी संपल्याने समाधानी होतो, तसा मी झालो नव्हतो. आपले म्हणणे खरे ठरल्याने झालो होतो.

त्याच मोसमात एकदा वीज गेल्यामुळे परीक्षा अर्ध्यावर थांबली आणि मी भर दुपारी घरी आलो. मागच्या अंगणात रंजना बादलीवर ओणवी झाली होती. तिचे तोंड बादलीतल्या पाण्यात होते, आणि वहिनी एका हाताने तिचे केस वर धरून, दुसऱ्या हाताने तिची पाठ धरून उभ्या होत्या. दोघींच्या त्या उभे राहण्यात एक सराव होता. जे काम कितीदा तरी केले आहे, त्याचा सराव. माझी चाहूल लागताच रंजनाने तोंड वर काढले. नाकावरून, हनुवटीवरून पाणी गळत होते, आणि गळ्याच्या खळगीत काहीतरी फार वेगाने उडत होते. मग माझ्यादेखत ते थांबले. ती म्हणाली, "तोंड धुतलं. लय ऊन होतं." वहिनींनी माझ्याकडे पाहिले आणि मला संधी दिली. ती नजर मला अजून आठवते. त्या नजरेत राग नव्हता, वाट पाहणे होते. मी म्हणालो, "हो, ऊन फार आहे आज," आणि आत जाऊन पंख्याखाली बसलो. वीज नव्हती, हे बसल्यावर लक्षात आले.

त्या दिवसापासून मला ठाऊक होते की ते थांबलेले नाही. थांबले होते ते तिचे सांगणे.

लोक म्हणतात, संसार मोडतो तेव्हा आवाज होतो. आमचा मोडला नव्हता. चहा होत होता, भाजीला काय आणू म्हणून विचारणे होत होते, लग्नाकार्यांना आम्ही एकाच मोटारसायकलवरून जात होतो. घर तेच, माणसे तीच, दिवस ढकलणारी मोटर तीच. फक्त झोका लहान झाला होता. दोन माणसे अशी बारीक थरथरीत वर्षानुवर्षे राहू शकतात, आणि बाहेरून पाहणाऱ्याला कधी कळत नाही की याच दोघांत एकेकाळी ऐसपैस बोलणे होते. सर्वांत वाईट हे की आत राहणाऱ्यालाही त्याचा विसर पडतो. ती लयही पक्की असते. तिला कोणी छेडले, तर ती क्षणभर बावरते आणि परतते.

मागच्या वर्षी लाखोळीच्या दिवसांत रंजना बांधीतच खाली बसली आणि तिला उठता येईना. वहिनींनी मला फोन केला नाही. शेजारच्या शेतातल्या मुलीची स्कूटर घेऊन त्यांनी तिला आधी आमच्या दवाखान्यात आणि तिथून गडचिरोलीला नेले. अर्थात पोहोचेपर्यंत ते थांबले होते, आणि कागद याही वेळी शहाणाच निघाला. पण तिथे एक तरुण डॉक्टरबाई होत्या. त्यांनी कागद बाजूला ठेवला आणि रंजनाला म्हणाल्या, तुम्ही सांगा. तिने सांगितले. वाकून उठल्यावर येते, बटणासारखे येते, गार पाण्यात तोंड घातले की बटणासारखे जाते. डॉक्टरबाई म्हणाल्या, एवढे पुरे आहे. नागपूरला एक तपासणी होते, तिथे हे मुद्दाम आणून दाखवतात. वहिनींनी संध्याकाळी मला हे सांगितले तेव्हा शेवटी एवढेच म्हणाल्या, "त्या बाईनं नुसतं ऐकलं, भाऊजी. मशीन तर पाह्यलीबी नाई."

त्या डॉक्टरबाईंकडे कोणती विद्या होती, जी माझ्याकडे नव्हती? दोन लयींची विद्या तर माझ्याकडे कदाचित थोडी अधिकच होती. त्यांच्याकडे एक रिकामी खुर्ची होती, आणि त्यांनी ती माझ्या बायकोला दिली.

नागपूरच्या इस्पितळात मी सांगितले नसतानाही नोंदणीच्या वेळी रंजनानेच सांगून टाकले की हे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक आहेत. तिच्या आवाजात अजूनही थोडा अभिमान होता, आणि तो ऐकून मला कुठे पाहावे ते कळेना. तिथल्या मोठ्या डॉक्टरांनी हसून विचारले, मग काचेआडून पाहणार का? मला क्ष-किरणांपासून जपणारा एक जड अंगरखा चढवला गेला आणि मी काचेच्या अलीकडे, पडद्यांच्या रांगेसमोर उभा राहिलो. पलीकडे टेबलावर ती पडली होती. मांडीच्या शिरेतून बारीक तारा तिच्या हृदयापर्यंत गेल्या होत्या. ती जागी होती.

पडद्यावर तिची पहिली लय चालली होती, तीच, कागदावरची. डॉक्टर तारेतून ठोके देऊ लागले. काही एकसारखे ठोके, आणि मग एक जरा लवकर. हृदय बावरले आणि परतले. पुन्हा एकसारखे ठोके, आणि शेवटचा आणखी थोडा लवकर. पुन्हा बावरले, पुन्हा परतले. माझ्या बोटांना ते ठाऊक होते. क्षण साधायचा होता. यंत्राआधी मला कळले की पुढचा ठोका साधणार आहे. तो पडला, आणि पडद्यावरच्या रेषा एकाएकी दाट झाल्या, उंच, घाईच्या, पण किती नियमित! हृदय बिघडलेले नव्हते. त्याला दोन चाली येत होत्या, आणि ही दुसरी होती. कोणीतरी आत बसून धान कांडत होते. आता मला ते दिसत होते.

काचेपलीकडचा आवाज आमच्या खोलीत एका लहान खोक्यातून येत असे. त्या खोक्यातून रंजनाचा आवाज आला, थोडा धापेचा, पण स्वच्छ. "डॉक्टरसाहेब, हेच जी, हेच. आमच्या सरायले दिसलं का?"

डॉक्टरांनी बटण दाबून म्हटले, "दिसलं बाई, दिसलं." बटण त्यांच्या हातात होते. माझ्या हातात असते तरी मला बोलता आले असते, असे वाटत नाही. छाती धावत असताना, अंगात तारा असताना, रंजनाला आपण बरे होऊ का, हे विचारायचे नव्हते. मला दिसले का, एवढेच विचारायचे होते.

मग त्यांनी आणखी एक नेमका ठोका देऊन ती लय थांबवली, आणि हृदयातली ती जास्तीची बारीक वाट, जिच्यावरून ती फेऱ्या घालत असे, तापवून बंद केली. त्यानंतर त्यांनी पुन्हा पुन्हा तसेच लवकरचे ठोके देऊन पाहिले. हृदय बावरायचे आणि परतायचे. जायला दुसरी जागाच उरली नव्हती.

नको असलेल्या लयीतून प्रणालीला बाहेर काढण्याविषयी मी अनेक वर्षे शिकवत आलो. टिचकी मारता येते, पण तिला क्षण साधावा लागतो. ज्या वाटेने ती लय जगते ती वाटच बुजवता येते. आणि जिथे दोन्ही जमत नाही तिथे प्रणाली काय करते आहे ते सतत पाहत राहून, दर फेरीला अगदी थोडे, जाणवणारही नाही इतके सावरत राहायचे. मग ती कधीतरी आपली आपण दुसरीकडे वळते. रंजनाच्या हृदयाचे काम झाले होते. परत येताना गाडीत मी माझ्या बाजूची टिचकी मारून पाहिली. वैनगंगेचा पूल लागला तेव्हा मी म्हणालो, "मी चुकलो, रंजना. तुझे ऐकायला हवे होते." ती खिडकीतून खालच्या वाळूकडे पाहत होती. म्हणाली, "ती पाण्याची बाटली द्या बरं." मी दिली. ती पाणी प्यायली, बाटली परत दिली, आणि आम्ही पुन्हा आमच्या बारीक थरथरीत आलो. क्षमा मागणे मला सोपे गेले, यातच ते चुकले असावे. मी माझे ओझे उतरवायला निघालो होतो, आणि पुढ्यात ओंजळ कोणाची, तर अजून मांडीची जखम न वाळलेल्या बाईची.

मग वर्षभर मी फारसे काही बोललो नाही. ती बोलत असताना हातातले काम खाली ठेवायला शिकलो. तिने सांगितलेल्या गोष्टीला लगेच उत्तर न देण्याचा सराव केला, आणि तो मला अजून नीट जमत नाही. शेतात गेलो, उपटणीत माझा उपयोग नाही, हे वहिनींनी पहिल्याच तासात जाहीर केले आणि मला पेंढ्या मोजण्यापेक्षा उचलायला लावले. यात सांगण्यासारखे काही नाही. यातून काही वळत होते की नाही, तेही मला कळत नव्हते.

गेल्या रविवारी दुपारी मी आत गुण भरत बसलो होतो. परीक्षा अर्ध्या झाल्या आहेत, अर्ध्या उरल्या आहेत. अंगणात रंजना सुपाने लाखोळी पाखडत होती. तो सुपाचा सळसळ आवाज मधेच थांबला. "अजी," तिने हाक मारली. हाकेत घाई नव्हती. मी उठून गेलो.

"आता एक ठोका चुकला," ती म्हणाली. "एकच. आता काई नाई. सांगून ठेवलं."

असे सुटे ठोके अधूनमधून चुकतील, त्यात भिण्यासारखे काही नाही, असे नागपूरच्या डॉक्टरांनी निघतानाच सांगितले होते. ते वाक्य माझ्या जिभेवर आले. "काही नसते" हे दोन शब्द मला किती लवकर सुचतात, याची मला त्या क्षणी पुन्हा लाज वाटली. मी ते गिळले आणि तिच्याजवळ जमिनीवर बसलो. कधी झाले, म्हणून विचारले. ती म्हणाली, आताच, सूप उचलताना. कसे वाटले, विचारले. तिने सूप मांडीवर ठेवून थोडा विचार केला. पायरी असंल म्हणून पाय टाकावा अन् खाली पायरीच नसावी, तसं, म्हणाली. बोलताना ती माझ्या चेहऱ्याकडे पाहत होती. तिला औषध नको होते. पाहण्यासारखे तर काहीच नव्हते. ठोका चुकून केव्हाच निघून गेला होता, आणि आता कोणत्याही कागदावर तो सापडणार नव्हता.

मी म्हणालो, "हो. चुकला."

"मंग असं तोंड काऊन करून राह्यले? मेली नाई मी."

तिने सूप उचलले. दाणे एकदा हवेत उडाले, कोंडा वाऱ्यावर गेला, दाणे परत आले. दोनतीनदा तसे झाल्यावर, सुपाकडेच पाहत, ती म्हणाली, "परवाबी एक चुकला होता. तवा नवतं सांगतलं."